हेडर कुणाचा, खर्च कुणाचा?

4 जून 1977 च्या वेम्ब्लीतल्या सामन्याचा एक फोटो आहे. स्कॉटलंडमधल्या एका अख्ख्या पिढीसमोर तो धरला तर खाली नाव छापायची गरज पडत नाही. एसा हार्टफर्डची फ्री-किक इंग्लंडच्या गोलसमोर येते, सव्वासहा फुटांचा सेंटर-हाफ, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा, गॉर्डन मॅक्वीन सगळ्यांच्या डोक्यावरून उडी घेतो आणि कपाळाच्या मधोमध घेतलेला चेंडू जाळ्यात घालतो. दुसरा गोल केनी डॅलग्लिशचा. स्कॉटलंड 2, इंग्लंड 1. शिट्टी वाजली आणि चाहते मैदानात घुसले, गोलपोस्टवर चढले, वरची दांडी मोडली आणि वेम्ब्लीची हिरवळ उपटून तिचे तुकडे घरी घेऊन गेले.

मॅक्वीन 15 जून 2023 ला वारले. वय 70. त्याआधी, फेब्रुवारी 2021 मध्ये, त्यांना व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या बिघाडानं येणारा स्मृतिभ्रंश, झाल्याचं कुटुंबानं जाहीर केलं होतं. ते गेले त्या दिवशी जिकडेतिकडे तोच हेडर दिसत होता, आणि ते साहजिकच होतं. 30 आंतरराष्ट्रीय सामने, 1973-74 मध्ये लीड्सकडून लीगचं विजेतेपद, 1983 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून एफए कप, एवढं सगळं असलं तरी लोकांच्या मनात एकच क्षण राहतो.

अडचण पुढे आहे. एखाद्या माणसाला आपण त्याच्या हेडरसाठी आठवत असू, आणि हेडर मारणं हेच त्या पेशात मेंदूच्या आजाराचं मुख्य संशयित कारण असेल, तर नुसतं आठवून भागत नाही. त्या हेडरची किंमत कोण मोजतंय तेही विचारावं लागतं. आज ती बहुतांशी घरचे मोजतात, आणि आयुष्यभर हेडर मारलेल्या खेळाडूंच्या डिमेन्शियाला व्यवसायजन्य आजाराचा दर्जा मिळत नाही तोवर तेच मोजत राहतील. या लेखाचं म्हणणं असं की तो दर्जा द्यावा, त्याचा पैसा खेळानं द्यावा, आणि चाहत्यांनी आपली आठवण या कामाला लावावी. चाहत्यांकडे काय आहे याची खुद्द चाहत्यांनाच नीट कल्पना नाही.

वेम्ब्लीच्या त्या फोटोसारखे फोटो आज भिंतीवर टांगण्यापलीकडेही उपयोगी पडतात. स्कॉटलंडमध्ये 2009 पासून 'फुटबॉल मेमरीज' नावाचा उपक्रम चालतो. अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कमधलं स्कॉटिश फुटबॉल संग्रहालय यांनी मिळून तो उभा केला. डिमेन्शिया झालेल्या वृद्ध चाहत्यांचे छोटे गट जमतात, स्वयंसेवक जुन्या खेळाडूंच्या फोटोंची कार्डं टेबलावर ठेवतात आणि गप्पा सुरू होतात. तासाभरापूर्वी काय खाल्लं ते न आठवणारा माणूस एखाद्या विंगरचं टोपणनाव, त्याचा आवडता पाय आणि तिकिटाचे पैसे एका दमात सांगतो.

यात जादू नाही, यामागे कारण आहे. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी मेंदूत सर्वांत घट्ट बसतात, आणि अल्झायमरमध्ये ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या उशिरा. म्हणून फोटो निवडताना आधी वयाचा हिशोब करायचा. माणूस 1947 चा असेल तर 1957 ते 1977 मधली चित्रं काढायची. 1986 चा विश्वचषक त्याच्या लेखी 'अलीकडचा' ठरतो. सुरुवात राष्ट्रीय संघापासून करू नये, गावच्या क्लबापासून करावी, कारण पायी चालत जाऊन पाहिलेला सामना टीव्हीवर पाहिलेल्यापेक्षा खोल रुतलेला असतो. व्हिडिओपेक्षा स्थिर फोटो बरा. हलत्या चित्राचा वेग झेपला नाही की माणूस बिचकतो आणि गप्प होतो. चकचकीत लॅमिनेशन टाळावं. त्यावर ट्यूबलाइट चमकते, म्हाताऱ्या डोळ्यांना चेहऱ्याऐवजी पांढरा डाग दिसतो आणि स्वयंसेवकाला वाटतं की यांना काही आठवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "हा कोण, ओळखा बघू" असं विचारणं. ती परीक्षा होते. नाव आठवून सांगणं ही क्षमता आधी जाते, पाहून ओळखणं जास्त दिवस टिकतं. म्हणून नाव आपणच सांगून टाकायचं आणि विचारायचं, "पावसात हा बूट किती जड व्हायचा हो?" किंवा जुना कातडी चेंडू सरळ हातात द्यायचा. कातड्याचा, मेणचट तेलाचा वास आणि दोरीच्या गाठीचा खडबडीतपणा कार्डापेक्षा लवकर काम करतो. चहा मध्ये हवाच. दीड तासाच्या वर गट रेटू नये. आणि सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या हाडवैरी क्लबांचे चाहते एका टेबलावर बसवायचे का, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. भांडण हीसुद्धा आठवणच असते, आणि बऱ्याचदा तीच पहिली परत येते.

त्या टेबलावरचा विरोधाभास मात्र बोचतो. कार्डावर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यातल्या कितीतरी जणांना नंतर तोच आजार झाला जो कार्ड हातात धरणाऱ्याला आहे. बिली मॅक्नील घ्या. सेल्टिककडून 790 सामने, 25 मे 1967 ला लिस्बनमध्ये इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप उचलणारे कर्णधार. त्या अंतिम फेरीपर्यंत संघ पोचला तोही त्यांच्या डोक्याच्या जोरावर. उपांत्यपूर्व फेरीत युगोस्लाव्हियाच्या व्होयव्होदिना क्लबाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला चार्ली गॅलगरच्या कॉर्नरवर मॅक्नीलनी हेडर मारला नसता तर लिस्बन उजाडलंच नसतं. 1965 चा स्कॉटिश कपही त्यांच्या हेडरनंच आला, आणि तो कॉर्नरही गॅलगरचाच होता. डिसेंबर 2015 मध्ये सेल्टिक पार्कबाहेर कप उंचावलेला त्यांचा पुतळा उभा राहिला. फेब्रुवारी 2017 मध्ये कुटुंबानं सांगितलं की त्यांना कित्येक वर्षांपासून डिमेन्शिया आहे. 22 एप्रिल 2019 ला ते गेले आणि पुतळ्याच्या पायाशी स्कार्फांचा ढीग लागला. बरोबर एका आठवड्यानं लिस्बनमधला विजयी गोल करणारे स्टीव्ही चामर्स गेले. त्यांनाही डिमेन्शियाच होता.

दोन नावांवरून काही सिद्ध होत नाही, हे आधीच मान्य करू. म्हाताऱ्या माणसांना डिमेन्शिया होतो. मॅक्नील किंवा मॅक्वीन यांचा आजार अमुक हेडरांमुळे झाला असं बोट ठेवून म्हणता येत नाही, आणि लेखाचा तो दावाही नाही. दावा मोजणीवर उभा आहे, आणि ती मोजणी स्कॉटलंडमध्येच झाली.

ग्लासगो विद्यापीठातले मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. विली स्ट्युअर्ट यांच्या गटानं 1900 ते 1976 दरम्यान जन्मलेले 7,676 माजी व्यावसायिक स्कॉटिश फुटबॉलपटू घेतले. प्रत्येकाच्या जोडीला त्याच वयाची आणि आर्थिकदृष्ट्या तशाच वस्तीतली तीन सामान्य माणसं, म्हणजे एकूण 23,028. दोन्ही बाजूंचे मृत्युदाखले आणि औषधांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारानं मृत्यू येण्याचं प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट. अल्झायमरमध्ये पाच पट, मोटर न्यूरॉनच्या आजारात चार पट, पार्किन्सनमध्ये दुप्पट. 2021 मध्ये याच गटानं खेळाडूंच्या जागांनुसार आकडे वेगळे केले. गोलकीपरांचा धोका सामान्य माणसाच्या जवळपास, डिफेंडरांचा सुमारे पाच पट. पंधरा वर्षांहून जास्त खेळलेल्यांमध्येही पाचच्या वर.

गोलकीपरचा हा आकडा नीट पाहण्याजोगा आहे. तोही त्याच ड्रेसिंग रूममध्ये असतो, तोच व्यायाम करतो, तसंच खातो-पितो, तितकाच प्रवास करतो. एक काम मात्र तो फारसं करत नाही, ते म्हणजे हेडर. एखाद्या प्रयोगशाळेला इतकी स्वच्छ तुलना आखून मिळाली नसती. गॉर्डन मॅक्वीनचे वडील टॉम गोलकीपर होते आणि पोरगाही सुरुवातीला गोलकीपरच होता. पुढे तो सेंटर-हाफ झाला.

आता या 7,676 जणांची यादी आली कुठून? सरकारी दप्तरात 'फुटबॉलपटू' असा रकाना नव्हता. नावं, जन्मतारखा, कुठल्या साली कुठल्या क्लबात, हे सारं फुटबॉल संग्रहालय आणि क्लबांच्या जुन्या नोंदींतून गोळा करावं लागलं. त्या नोंदी टिकल्या त्या सामन्यांचे कार्यक्रमपत्रक जपणाऱ्या, संघांच्या याद्या वहीत उतरवून ठेवणाऱ्या, घरच्यांनी वेड्यात काढलेल्या लोकांमुळे. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचा फुटबॉल पाहिलेल्यांना हा प्राणी परिचयाचा आहे. कुठल्या साली कोण कुठे खेळत होतं याचा हिशोब तोंडपाठ असलेला एक तरी माणूस प्रत्येक कट्ट्यावर सापडतो. स्कॉटलंडमध्ये त्या वह्यांतून वैद्यकशास्त्राला पुरावा मिळाला. चाहत्याच्या आठवणीत तारीख, जागा आणि सामन्यांची संख्या असेल तर ती साक्ष होते, नाहीतर तिचा गहिवर होतो.

या पुराव्यावर जे आक्षेप येतात त्यातला सर्वांत लाडका म्हणजे जुना चेंडू. 'तेव्हा कातडी चेंडू पाणी पिऊन धोंडा व्हायचा, आताचा हलका आहे, प्रश्न संपला.' ऐकायला पटतं, पण खोटं आहे. 1937 पासून नियमातलं चेंडूचं वजन तेच आहे, 14 ते 16 औंस, म्हणजे 410 ते 450 ग्रॅम. ते सामन्याच्या सुरुवातीचं, कोरडं वजन. कातडी चेंडू पावसात भिजून जड होई हे खरं, पण जड चेंडू संथ उडतो. प्लॅस्टिकचं आवरण असलेला चेंडू पाणी पीत नाही म्हणून वेगात येतो, आणि धडकेच्या ऊर्जेत वस्तुमान एकदा मोजलं जातं, वेग दोनदा. समजा 500 ग्रॅमचा भिजलेला चेंडू सेकंदाला 15 मीटर वेगानं आला, तर त्यात 56 ज्यूल ऊर्जा आहे. 430 ग्रॅमचा कोरडा चेंडू 20 मीटरनं आला तर 86 ज्यूल. हे आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत, पण दिशा त्यातून कळते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 2021 च्या पाहणीत जन्मसालानुसार धोका कमी होत गेल्याचं दिसलं नाही. कातडी चेंडूची पिढी आणि तिच्यानंतरची पिढी यांच्यात 'प्रश्न संपला' अशी रेघ कुठेच सापडत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फुटबॉलपटू एरवी ठणठणीत असतात, हृदयविकारानं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरनं कमी मरतात, मग जास्त जगल्यावर डिमेन्शिया होणारच. पाहणीत पहिला भाग खरा निघाला. सत्तरीपर्यंत खेळाडूंचा मृत्युदर इतरांपेक्षा कमी आहे. पण इतर कारणांनी आधी मरण्याची शक्यता गणितात धरूनच साडेतीन पट हा आकडा आला आहे. शिवाय डिफेंडर आणि गोलकीपर यांच्यातला फरक दीर्घायुष्यानं समजावता येत नाही. गोलकीपर काही लवकर मरत नाहीत.

मेंदूत नेमकं काय होतं याचं चित्र अजून पुरं नाही. एवढं दिसतं की माणूस बेशुद्ध पडेल असा फटका लागायलाच हवा असं नाही, छोटे धक्के साठत जातात. सेंटर-हाफ सामन्यात आठ आणि आठवड्याच्या सरावात चाळीस हेडर मारतो असं धरा. चाळीस आठवड्यांचा हंगाम आणि पंधरा वर्षांची कारकीर्द मिळून जवळपास 29,000 होतात. एकाही धक्क्याची नोंद डॉक्टरकडे नसते, कारण एकाही धक्क्यानं तो पडलेला नसतो. स्टर्लिंग विद्यापीठानं 2016 मध्ये 19 खेळाडूंना यंत्रानं कॉर्नरसारखे चेंडू देऊन प्रत्येकाकडून 20 हेडर मारून घेतले. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत त्यांची कामगिरी 41 ते 67 टक्क्यांनी घसरली आणि 24 तासांत सावरली. एका सत्रात हे होत असेल तर सावरायच्या आत पुढचं सत्र आलं की काय होईल, ही खरी काळजी.

त्यावरूनच नोव्हेंबर 2022 मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशननं व्यावसायिक क्लबांना सांगितलं की सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावात हेडर नको, आणि आठवड्यात एकाच सत्रात हेडरचा सराव. बारा वर्षांखालच्या मुलांचा हेडरचा सराव 2020 पासूनच बंद आहे. नियम चांगला आहे, पण अंमलात तो कुठे अडतो ते मैदानावर गेल्यावरच कळतं. शनिवारी सामना असलेले संघ कॉर्नर आणि फ्री-किकची घोटणी पिढ्यान्‌पिढ्या शुक्रवारी करत आले. ती आता बुधवारी सरकवावी लागते आणि प्रशिक्षक कुरकुरतात की शनिवारपर्यंत पोरं विसरतात. अर्धवेळ क्लब आठवड्यातून दोनच संध्याकाळी जमतात, त्यांच्यासाठी 'एकच सत्र' म्हणजे निम्मा सराव. आणि मोजणी बहुधा संघाची होते, माणसाची होत नाही. वीस जणांनी मिळून साठ हेडर मारले हा आकडा निरुपयोगी आहे, कारण त्यातले तीस दोन सेंटर-हाफांनी मारलेले असतात. नावापुढे रेघोट्या ओढणारा एक माणूस वहीसह उभा करायचा. जवळून हातानं टाकलेला चेंडू आणि तीसेक मीटरवरून आलेला क्रॉस यांचे रकाने वेगळे ठेवायचे. उडीची वेळ साधायचा सराव चेंडूशिवाय किंवा स्पंजच्या चेंडूनं करायचा. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

हे झालं उद्याच्या खेळाडूंचं. कालच्यांचं काय?

ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या आजारांसाठी औद्योगिक इजा भत्ता आहे. त्यासाठी आजार आणि काम यांच्या जोड्यांची एक अधिकृत यादी असते. यादीतला आजार झाला आणि यादीतलं काम केलं होतं एवढं दाखवलं की साधारणपणे पुरतं. 'नेमक्या कुठल्या दिवसाच्या धुळीनं तुमचं फुप्फुस गेलं' असं खाणकामगाराला कुणी विचारत नाही. नवी जोडी यादीत घ्यावी का याचा सल्ला देणाऱ्या परिषदेची ढोबळ कसोटी अशी की त्या कामात त्या आजाराचा धोका दुपटीहून जास्त आहे का. दुपटीला अर्थ आहे. धोका दुप्पट झाला की आजारी पडलेल्यांपैकी निम्मे त्या कामामुळे पडले असं धरता येतं, आणि दुपटीच्या वर गेलं की कोणत्याही एका माणसाबद्दल 'कामामुळे असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त' असं म्हणता येतं. साडेतीन पटीला हे गणित लावा, दहातले सात निघतात. डिफेंडरांच्या पाच पटीला दहातले आठ. मृत्युदाखल्यांवरच्या एका मोठ्या पाहणीवर सगळी भिस्त नको, धोक्याला हेडरशिवाय डोक्याला डोकं आपटण्याचंही कारण आहे, हे मुद्दे रास्त आहेत. पण डोकं आपटणं हेही कामच होतं.

मॅक्नील ज्या बेल्सहिलचे, ते लॅनार्कशरच्या कोळसा पट्ट्यातलं गाव. मँचेस्टर युनायटेडचे नामांकित प्रशिक्षक मॅट बझ्बी तिथलेच, सेल्टिकचे प्रशिक्षक जॉक स्टीन त्याच पट्ट्यातले आणि स्वतः खाणीत राबलेले. एकाच गल्लीतला एक पोरगा खाणीत उतरला, दुसरा मैदानात. पहिल्याच्या फुप्फुसातल्या धुळीला राज्यानं कामाचा आजार मानलं. दुसऱ्याच्या मेंदूला का मानू नये याचं उत्तर 'तो तर खेळ होता' असं दिलं जातं. 790 सामने पगारावर खेळलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे थट्टा आहे. इंग्लंडमध्ये एका मृत्यू चौकशी अधिकाऱ्यानं 2002 मध्येच, वेस्ट ब्रॉमविच क्लबाचे माजी खेळाडू जेफ अ‍ॅसल यांच्या मृत्यूनंतर, 'औद्योगिक आजार' हे शब्द कागदावर लिहिले होते. यादी मात्र हलली नाही. स्कॉटलंडपुरता या भत्त्याचा अधिकार आता स्कॉटिश संसदेकडे आला आहे, त्यामुळे लंडनकडे बोट दाखवायची सोयही उरलेली नाही.

नियम बदलतो, आणि एका खेळाडूच्या नावानं बदलतो, याचं उदाहरण स्कॉटलंडमध्येच आहे, आणि त्याला ना पुतळा आहे ना वेम्ब्लीचा गोल. फ्रँक कोपेल, डंडी युनायटेडचे लेफ्ट-बॅक. जन्म 28 मार्च 1949. मँचेस्टर युनायटेड आणि ब्लॅकबर्न करून 1972 मध्ये डंडीला आले आणि दहा वर्षं राहिले. 1979 मध्ये ब्रुसेल्सला अँडरलेख्टविरुद्ध त्यांनी लांबून मारलेला व्हॉली डंडीकर आजही सांगतात. दोन सामने मिळून बरोबरी झाली की परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे जाई, त्या नियमानं त्या एका गोलावर संघ पुढे गेला. त्याच हंगामात आणि पुढच्या हंगामात लीग कपही आला.

वयाच्या 59 व्या वर्षी त्यांना डिमेन्शियाचं निदान झालं. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे, पण तेव्हा वयाची अट होती, 65 पूर्ण. तोवर पैसे घरच्यांचे. 28 मार्च 2014 ला कोपेल 65 चे झाले आणि 16 एप्रिलला गेले. हक्क मिळाला तो 19 दिवस. त्यांच्या पत्नी अमांडा कोपेल यांनी नवरा हयात असतानाच मोहीम सुरू केली होती, ती नंतर थांबवली नाही. 1 एप्रिल 2019 पासून वयाची अट गेली. मोफत शुश्रूषा आता गरज असलेल्या कुणाही प्रौढाला मिळते, मग तो फुटबॉलपटू असो वा शिक्षिका. लोक त्या तरतुदीला 'फ्रँक्स लॉ' म्हणतात.

या कायद्याची हद्द मात्र माहीत असावी, नाहीतर पहिल्याच बिलाला घरचे हबकतात. आंघोळ, कपडे, शौचास नेणं, भरवणं, उठवणं-बसवणं, औषध देणं, हे मोफत. बाजारहाट आणि घरकाम त्यात धरत नाहीत. आधी स्थानिक कौन्सिलचं मूल्यमापन लागतं. ते होण्याआधी आपल्या मनानं माणूस नेमला तर त्याचे पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नये. आणि डिमेन्शियाच्या उत्तरार्धात वृद्धाश्रम गाठायची वेळ आली की शुश्रूषेपोटी ठरावीक रक्कम मिळते, पण खोली आणि जेवणाचा खर्च मिळकत-मालमत्ता पाहून तुमच्याच डोक्यावर येतो. मोठा खर्च तोच असतो. व्यवसायजन्य आजाराचा दर्जा लागतो तो या उरलेल्या भागासाठी.

पैसा कुठून? इंग्लंडमध्ये 2023 मध्ये खेळाडूंची संघटना आणि प्रीमियर लीग यांनी मेंदूच्या आजाराच्या माजी खेळाडूंसाठी निधी काढला, सुरुवात 10 लाख पौंडांनी. 1978 मध्ये मँचेस्टर युनायटेडनं एकट्या मॅक्वीनसाठी लीड्सला 4,95,000 पौंड मोजले होते. म्हणजे महागाई न धरता, दोन मॅक्वीन. शिवाय तो निधी तिथल्या संघटनेच्या माजी सदस्यांसाठी आहे. सगळी कारकीर्द स्कॉटिश लीगमध्ये काढलेल्या माणसानं त्या दाराशी जाऊन उपयोग नाही.

स्कॉटिश क्लबांकडे पैसा नाही ही तक्रार खोटी नाही. म्हणून तो हंगामी दानधर्मातून न मागता वाहत्या पैशातून घ्यावा. आंतरराष्ट्रीय बदल्यांच्या रकमेतले 5 टक्के खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना वाटण्याची फिफाची पद्धत आधीपासून आहे. कापायची, वाटायची यंत्रणा तयार आहे. खेळाडूला घडवणाऱ्यांसाठी 5 टक्के निघतात, तर खेळून झालेल्यांसाठी 1 टक्का निघायला तत्त्वाची अडचण कुठली? पुतळ्यांसाठी वर्गणी काढणाऱ्या चाहत्यांच्या संघटनांनी पुढची वर्गणी काढायच्या आधी ही मागणी आपापल्या क्लबाच्या वार्षिक सभेत ठरावाच्या रूपात मांडावी. पुतळा पुढच्या वर्षीही उभारता येतो.

आणि वह्या उघडाव्यात. उद्या यादी बदलली तर दावा करणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी कागद लागतील: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत पगारी खेळाडू होता, कुठल्या क्लबात, कुठल्या जागी, किती सामने. पन्नास वर्षांपूर्वीचे करार क्लबांकडे क्वचितच सापडतात, आणि दिवाळ्यात गेलेल्या क्लबाची कपाटं कुणाच्या तरी माळ्यावर असतात. कार्यक्रमपत्रकं, संघांचे फोटो, स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं स्कॅन करून प्रत्येक खेळाडूचा एक कागद करावा. सामन्यांचे आकडे त्यावर येतील, पण सरावाचे येणार नाहीत. ते सोबत्यांच्या तोंडूनच मिळतात: आठवड्यात किती दिवस, हेडरची घोटणी कोण घ्यायचं, किती वेळ, पोत्यात किती चेंडू असायचे. हे तारखेसह लिहून घ्यावं, सांगणाऱ्याची सही घ्यावी. त्याला प्रश्नांची सरबत्ती करू नये, जुना चेंडू हातात द्यावा आणि बोलू द्यावं. वेळ फार नाही, त्यामुळे यादीत आधी डिफेंडर घ्यावेत, त्यातही सेंटर-हाफ. गोलकीपर शेवटी आले तरी चालतील.